मग नंबर ४७

आधीच सांगून टाकतो, आजचा लेख बिअरवर आहे. आईच्या भिशीतल्या दोन काकू माझं हे शनिवारचं खरडणं वाचतात असं नुकतंच कळलं. तेव्हा काकू, तुम्ही इथूनच परत फिरलात तरी राग नाही. पुढच्या शनिवारी भरल्या वांग्यांवर लिहीन.

तर माझ्या टेबलावर एक मग आहे. जाड काचेचा, कान थोडा वाकडा, बुडाशी ४७ हा आकडा कोरलेला. सध्या त्यात पेनं, एक टेस्टर आणि कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये मिळालेला पेन ड्राइव्ह आहे. हा मग ज्या भिंतीवरच्या खुंटीला अठरा वर्षं टांगलेला होता, ती भिंत आता एका पिलाटीज स्टुडिओची आहे.

मी २००३ साली ओरेगनला आलो, पोर्टलंडच्या पश्चिमेला, बीव्हर्टनमध्ये. चिपवाल्या कंपन्यांमुळे इथे मराठी माणूस भरपूर. गणपतीला ढोल वाजतात, दिवाळी अंकांची देवघेव होते, सगळं यथासांग. बिअरबद्दल माझं ज्ञान मात्र पुण्याच्या हॉस्टेलपुरतं होतं. म्हणजे थंड असली की चांगली, जास्त थंड असली की जास्त चांगली. आणि आलो कुठे, तर जिथे बिअरवर लोक आपण बासमती आणि आंबेमोहोर यांवर बोलतो तसं बोलतात अशा गावात.

याला कारण आहे. दारूबंदी १९३३ साली उठली तेव्हा बऱ्याच राज्यांत अशी घडी बसवली गेली की बनवणारा वेगळा, मधला घाऊक व्यापारी वेगळा आणि गिऱ्हाइकाला विकणारा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या धंद्यात पाय घालायचा नाही. हेतू चांगला होता, पण लहान माणूस त्यात मेला. घरी स्वतःपुरती बिअर बनवणं केंद्राच्या कायद्यात बसायला १९७८ उजाडलं, त्या विधेयकावर कार्टरसाहेबांची सही आहे. आणि ओरेगनने १९८५ मध्ये कायदा बदलून ब्रुअरीवाल्याला आपल्याच जागेत, आपल्याच काउंटरवरून ग्लास विकायची मुभा दिली. ब्रिजपोर्ट आणि विडमर या पोर्टलंडच्या दोन ब्रुअरी १९८४ मध्ये सुरू झाल्या होत्या, कायदा बदलावा म्हणून खटपट करणाऱ्यांत ती मंडळी होती. त्याच वर्षी मॅकमेनामिन बंधूंनी हिल्सडेलला राज्यातला पहिला ब्रूपब काढला. 'आपल्याच काउंटरवरून' हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

आमची ब्रुअरी २००६ मध्ये निघाली. (आमची म्हणजे मालकीची नाही हो. 'आमची शाळा' म्हणतो तशी.) टायरच्या दुकानामागे, पत्र्याच्या गाळ्यात, ऑफिसातून घरी येतानाच्या रस्त्यावर. मालक आधी हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवायचा, म्हणून आमच्या मराठी टोळक्यात त्याचं नाव मास्तर आणि हिशेब बघणाऱ्या त्याच्या बायकोचं मास्तरीणबाई. दोघांनाही ही नावं माहीत होती आणि आवडायची. खरी नावं इथे देत नाही, त्यांनी तेवढंच मागितलं आहे.

पहिल्याच आठवड्यात मी आत शिरलो तेव्हा काउंटरवर कोणी नव्हतं, मागच्या बाजूने वाफ येत होती आणि वास... काय सांगू! आजी कुरडयांसाठी गहू शिजवायची तेव्हा घरभर व्हायचा तो. मी वासामागे सरळ आतच गेलो. मास्तर लाकडी वल्ह्यासारखं काहीतरी घेऊन भल्यामोठ्या पिंपातली लापशी ढवळत होता. हे काय, म्हणून विचारलं, तर मास्तराचा वर्गच सुरू झाला. सातू भिजवायचा, मोड आणायचे, मोड जरा वाढले की वाळवायचा. मग भरडून साधारण ६६-६७ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा. मोड आणताना दाण्यात जी एन्झाइम्स तयार होतात ती पिठाची साखर करतात. पाणी दोन-तीन अंश गार असलं तर बिअर कोरडी होते, गरम असलं तर गोडसर राहते.

मी म्हटलं, अहो हे तर नाचणीचं सत्त्व! आमच्याकडे बाळांना देतात. नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवून दळतात.

मास्तराने वल्हं बाजूला ठेवलं आणि वही काढली. बाळांना बिअरचा कच्चा माल देणाऱ्या देशातून हा माणूस आलाय, याचं त्याला अतोनात कौतुक वाटलं. पुढे दोन वर्षांनी आईकडून नाचणी मागवून आम्ही एक छोटा घाणा काढलाही. चिखलासारखा रंग, आंबट-तुरट चव. मास्तर म्हणाला, "इंटरेस्टिंग." केमिस्ट्रीच्या मास्तराने इंटरेस्टिंग म्हटलं की समजावं, प्रयोग फसला.

मग (हा प्यायचा नव्हे, नंतरचा मग) मी दर शुक्रवारी जायला लागलो. शनिवारी सकाळीही जाऊ लागलो, नुसता बघायला. मला हात लावायची फार इच्छा होती, पण मी एच-वन-बीवर. दुसऱ्याकडे काम करायची परवानगी नाही, आणि नफ्याच्या धंद्यात फुकट राबून घेणं मालकालाही कायद्याने चालत नाही. मास्तरीणबाई या बाबतीत कडक. मी नळीला हात लावला तर ओरडायच्या. सहा-सात वर्षं मी त्या गाळ्यात हात मागे बांधून उभा राहिलोय, लग्नात जावईबुवा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात तसा.

२०१२ च्या शेवटी ग्रीन कार्ड आलं. २०१३ च्या जानेवारीत मी मास्तराकडे शनिवारचा कामगार म्हणून रीतसर लागलो. पगार ओरेगनचं त्या वर्षीचं किमान वेतन, ताशी ८ डॉलर ९५ सेंट. बायकोने आईला फोनवर सांगितलं, "त्यांना दुसरी नोकरी लागली, भांडी घासायची."

खोटं नव्हतं. ब्रुअरी चालवणं म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, भांडी घासणं. लोकांना वाटतं ब्रुअर दाढी कुरवाळत नवनव्या चवी शोधत असतो. प्रत्यक्षात तो गमबूट घालून ओल्या फरशीवर उभा असतो. केग उलटा करा, उरलेली बिअर काढा, कॉस्टिकने धुवा, पाण्याने धुवा, अॅसिडने धुवा, सॅनिटायझर फिरवा, कार्बन डायऑक्साइड भरा. पुढचा केग घ्या. भरलेला मोठा केग सत्तर किलोच्या वर जातो, माझ्या कमरेला तो अजून आठवतो. यीस्ट हा अत्यंत मानी प्राणी आहे. भांड्यात दुसरं कोणी आधीच राहायला आलेलं असलं तर रुसतो, आणि सगळा घाणा आंबट होतो. म्हणजे आपली आजी विरजणाचं भांडं जसं कुणाला हात लावू देत नसे, तेच, फक्त आठशे लिटरचं. एकदा माझ्याकडून एक व्हॉल्व्ह नीट धुतला गेला नाही आणि दोन आठवड्यांनी सात बॅरल बिअर गटारात सोडावी लागली. मास्तर काही बोलला नाही. फक्त व्हॉल्व्ह उघडायला मला बोलावलं. ती वाहून जायला किती वेळ लागतो हे मी घड्याळ लावून पाहिलंय.

पण सप्टेंबर यायचा! ओल्या हॉप्सचा हंगाम. हॉप्स म्हणजे वेलावरची हिरवी बोंडं, बिअरला कडवटपणा आणि वास त्यांचा. एरवी ती वाळवून, दाबून, गोळ्या करून वर्षभर वापरतात. पण विलामेट खोऱ्यात शेतं तासाभरावर असल्याने इथल्या ब्रुअरी तोडणीच्या दिवशीच ताजी बोंडं आणून उकळत्या कढईत टाकतात. ओली असतात म्हणून पाचपट वजनाची लागतात, आणि दिवसभरात वापरली नाहीत तर कुजायला लागतात. आम्ही पहाटे मास्तरच्या पिकअपमधून सिल्व्हरटनकडे जायचो, गोण्या भरायचो आणि धावत परत यायचो. हाताला चिकट पिवळी पूड लागायची, दोन दिवस वास जायचा नाही. जास्त करून कॅस्केड जातीची असायची. ही जात इथल्याच कॉर्व्हालिसच्या सरकारी संशोधनातून १९७२ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली, आणि अमेरिकेतल्या लहान ब्रुअरींच्या बिअरला जो संत्र्या-मोसंब्यासारखा वास असतो त्याची सुरुवात तिच्यापासून. राहिलेला सातूचा चोथा एक शेतकरी गायींसाठी न्यायचा. आपली सरकी पेंड, दुसरं काय.

आता पैशांचं. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मोठ्या केगमध्ये १२४ पाइंट बसतात. फेस, सांडलवंड आणि मित्रमंडळी वजा जाता ११० धरा. तोच केग शेजारच्या बारला विकला तर मास्तरला साधारण १७० डॉलर मिळायचे. आपल्या काउंटरवरून सहा डॉलरने एकेक पाइंट विकला तर साडेसहाशेच्या वर. बिअर तीच, मेहनत तीच. फरक एवढाच की काउंटरच्या पलीकडे कोणीतरी येऊन बसलं पाहिजे. लहान ब्रुअरी बिअर विकून जगत नाही, ती काउंटरवर बिअर विकून जगते. १९८५ चा तो कायदा झाला नसता तर यातली निम्मी मंडळी धंद्यातच नसती असं माझं मत आहे. डबे भरून सुपरमार्केटच्या फळीवर जाणं दिसायला भारी, पण तिथे डबा, खोका, भाडोत्री डबाबंद यंत्र आणि दुकानदाराचा वाटा जाऊन हातात चिल्लर उरते.

म्हणून ग्राहक बांधून ठेवायला मग क्लब. वर्षाला ६० डॉलर भरायचे, तुमच्या नंबरचा मग भिंतीवर टांगला जातो, आणि तुम्हाला १६ऐवजी २० औंस बिअर पाइंटच्याच भावात. मी ४७ नंबरचा. कागदावर लिहायचे ते आधी. २०१४ मध्ये मी मास्तरीणबाईंना एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. कोण मेंबर कधी आला, काय प्यायला, सगळं बिलाच्या मशीनमधून काढून एका तक्त्यात. दोन रविवारचं काम, पण माझ्या करिअरमधलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं सॉफ्टवेअर तेच असावं. ऑफिसात लिहिलेलं तर रिलीजआधीच रद्द व्हायचं.

मध्यंतरी पुण्याला गेलो की मित्र कौतुकाने मायक्रोब्रुअरीत न्यायचे. महाराष्ट्रात हे प्रकरण २००९ मध्ये पुण्यातच डूलालीपासून सुरू झालं. मी प्रत्येक वेळी मागच्या टाक्या बघायला जायचो आणि मित्र म्हणायचे, अरे बस की, इंजिनिअरिंगचं इंडस्ट्रिअल व्हिजिट आहे का! मास्तरला फोटो पाठवायचो. महाराष्ट्रात प्यायला कायद्याने परवाना लागतो हे त्याला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग गंभीर होऊन म्हणाला, परवाना असलेला ग्राहक दर आठवड्याला येतो का?

२०१९ मध्ये ब्रिजपोर्ट बंद झाली. २०२० मध्ये विडमर ज्या कंपनीत होती ती अख्खी कंपनीच जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीने घेतली. मी तावातावाने बोललो, लिहिलंही. 'लोकल जगवा' असं छापलेला टीशर्ट माझ्याकडे आहे. दोन आहेत.

त्याच वर्षी १७ मार्चपासून ओरेगनमधले सगळे बार बसण्यासाठी बंद. काउंटर गेला म्हणजे साडेसहाशेचा केग गेला. तेव्हा आम्ही मेंबर लोक खरोखर धावलो. गाडीच्या डिकीत मोठाले डबे ठेवून घ्यायचे, मास्क लावून हात हलवायचा, घरी यायचं. आमच्या फ्रिजमध्ये दुधाला जागा नव्हती. मास्तरीणबाईंनी भिंतीवर लिहिलं, 'मग्जनी वाचवलं.' तो काळ फार अभिमानाचा होता. इथेच थांबलो असतो तर हा वेगळा लेख झाला असता.

पुढचं कसं झालं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही, कारण काही झालंच नाही. ऑफिस घरात आलं, त्यामुळे घरी यायचा रस्ताच राहिला नाही. मुलाचं शनिवारी सॉकर. कमरेने केग उचलायला नकार दिला, शनिवारची नोकरी २०२१ मध्ये सोडली. डॉक्टरीणबाईंनी ट्रायग्लिसराइडचा आकडा गोल करून दाखवला. फ्रिजमध्ये एखादा सहाचा खोका असावा म्हणून घाऊक दुकानातून किराण्याबरोबर आणायला लागलो, तिथे निम्म्या भावात मिळतो. क्लबची फी मात्र दर जानेवारीला न चुकता भरत होतो. त्यामुळे आपण तिथलेच आहोत असं वाटत राहायचं.

२०२४ च्या मे महिन्यात मास्तरचा मेसेज आला. भाडेकरार संपतोय, नवं भाडं जवळजवळ दीडपट. अॅल्युमिनियमपासून सातूपर्यंत सगळं महागलंय. बँकेचं २०२० चं कर्ज आहेच. मी आणि बायको रात्री बसलो. दहा हजार डॉलर द्यायचे ठरवले, परत आले तर आले. बायकोच म्हणाली, दे. भांडी घासायची नोकरी म्हणून जी चिडवायची तीच.

चेक लिहून घेऊनच गेलो. दुपारची वेळ, गाळ्यात आम्ही तिघंच. मास्तरीणबाईंनी चेक उलटासुलटा पाहिला आणि माझ्याकडे परत सरकवला. म्हणाल्या, "याने साधारण दीड महिन्याचं भाडं निघेल. पुढे?" मी म्हटलं, बाकीचे मेंबरही देतील, आपण मोहीम काढू, मी पान बनवतो. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझाच तक्ता. रंग मीच निवडलेले, भडक हिरवा आणि केशरी. सरासरी मेंबर २०१८ मध्ये महिन्यातून तीनदा यायचा, आता दोन महिन्यांतून एकदा.

त्यांनी कुणाचंही नाव घेतलं नाही. स्क्रीनवर फक्त नंबर होते. पण माणूस आपला नंबर शोधतोच. ओळ ४७: २०१४ मध्ये ६१. २०१९ मध्ये ४४. २०२२ मध्ये १७. २०२३ मध्ये ९. आणि त्या वर्षी मे उजाडेपर्यंत २, त्यातली एक भेट आत्ताची.

मी ट्रायग्लिसराइडचं काहीतरी बोललो. मास्तरने मान हलवली आणि खरंच काळजीने आकडा विचारला. त्याचाही वाढलेला आहे.

दोष कुणाला द्यायचा? घरमालकाला द्यावा तर त्याचेही कर आहेत. मोठ्या कंपन्यांना शिव्या देणं सोपं, मी वीस वर्षं दिल्या, पण मास्तरचा काउंटर त्यांनी रिकामा केला नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये जेवढ्या लहान ब्रुअरी उघडल्या त्यापेक्षा जास्त बंद झाल्या. तरुण मुलं कमी पितात, आणि बाप म्हणून मला ते चांगलंच वाटतं. माझ्यासारखे जुने म्हातारे झाले. प्रत्येकाचं कारण माझ्याइतकंच बरोबर असणार, हीच तर पंचाईत.

सप्टेंबरमध्ये शेवटचा ओल्या हॉप्सचा घाणा काढला. मी सुट्टी घेऊन गेलो, गोण्या उचलल्या नाहीत, नुसता गाडीत बसून गेलो. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी जागा अशी भरली की दारातून आत जायला रांग. १८२ मगवाले, त्यांची मुलं, कुत्री. सगळे एकमेकांना म्हणत होते, असं रोज असतं तर! मास्तर काउंटरवर इतका गुंतला होता की त्याला कुणाशी धड बोलताही आलं नाही. निघताना प्रत्येकाने आपापला मग खुंटीवरून काढून घेतला.

सामानाचा लिलाव नोव्हेंबरात झाला. टाक्या बॉइसीहून आलेल्या एका पोराने घेतल्या. असेल तिशीचा, बायको बरोबर, पोटुशी. गाळा बघितलाय, परवाना यायचाय, नोकरी सोडून झाली आहे. मला त्याला काहीतरी सांगावंसं वाटत होतं, पण तोंड उघडलं आणि "शुभेच्छा" एवढंच म्हणालो. ट्रकवर टाक्या चढवायला आम्ही चौघं होतो. मी कमरेला पट्टा बांधून आलो होतो.

पट्टे आवळून झाले, पोरगा स्टिअरिंगवर बसला, तरी मास्तर खिडकीशीच उभा. दोन नंबरच्या टाकीचा खालचा व्हॉल्व्ह पूर्ण सुटा करून धुवायचा, नुसतं पाणी सोडून चालत नाही, हे त्याला तिसऱ्यांदा सांगत होता. पोरगा मान हलवत होता. मास्तरने मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "विश्वास नसेल तर याला विचार."